वाचकांचे प्रश्न : रुईची गाठ, पऱ्हाटी आणि ग्राहकाचा हिरवा तक्ता

मोठ्या कंपन्या आपल्या मालाचा पर्यावरणावर पडणारा भार मोजू लागल्या, की त्या मोजणीची पत्रे फिरत फिरत तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचतात. या महिन्यात विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे याच विषयाची निघाली, म्हणून हे सदर या वेळी त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून लेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न १

*आमचे हिंगणघाट तालुक्यात जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना) आहे. ज्या सूतगिरणीला आम्ही गाठी देतो, तिने यंदा चौदा पानांचा तक्ता पाठवला आहे. विजेची युनिटे, डिझेल, पाणी, कचरा, कापूस कोणत्या गावातून आला, असे सर्व विचारले आहे. हे भरणे कायद्याने बंधनकारक आहे काय? न भरल्यास आमच्या गाठी घेणे बंद होईल काय? आणि खरे सांगायचे तर, यातून पर्यावरणाचे काही भले होते का?*
– एक जिनिंगचालक, जि. वर्धा

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सोपे आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना ‘सेबी’ या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातील अहवाल देणे बंधनकारक केले आहे. त्यापुढे जाऊन, ज्या पुरवठादारांचा वा ग्राहकांचा वाटा कंपनीच्या खरेदी-विक्रीत प्रत्येकी दोन टक्के किंवा अधिक आहे त्यांचीही माहिती द्यावी, असे सेबीने सुचवले असून पहिल्या २५० कंपन्यांसाठी ते २०२५-२६ पासून ऐच्छिक ठेवले आहे. म्हणजे कायद्याचे बोट आपल्याकडे रोखलेले नाही. ते आपल्या ग्राहकाच्या ग्राहकाकडे आहे. परंतु कापड विकत घेणारी मोठी कंपनी गिरणीला विचारते, गिरणी आपल्याला विचारते, आणि ज्याच्याजवळ उत्तर तयार असते त्याच्या गाठीला दोन सारख्या भावांमध्ये पसंती मिळते. व्यवहार म्हणून तक्ता भरावा, असेच मी सांगेन.

तो भरायला सल्लागार नेमण्याची घाई मात्र करू नका. वीजबिले, डिझेलच्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या आणि गाठींचे रजिस्टर एवढ्यावर अर्ध्याहून अधिक पाने भरतात. आपल्या देशातील ग्रीडच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) धरतात आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो. समजा, गाठीमागे आपली ५० युनिटे लागली, तर आपल्या आवारातील विजेचा भार गाठीमागे ३५ किलो झाला. आपला खरा आकडा बिलांवरून काढा. येथे केवळ पद्धत दाखवली आहे.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १७० किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू वावरात एकरी चार-पाच क्विंटल उतारा आला, तर एक गाठ म्हणजे जवळजवळ एका एकराचे पीक. त्या एकराला शेतकऱ्याने युरियाच्या दोन गोण्या दिल्या असे धरू. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो असे सर्वसाधारण गृहीतक आहे, आणि हा वायू कर्बवायूच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. गणित केले तर एका गोणीमागे ८५ ते ९० किलो कर्बवायूइतका भार येतो, दोन गोण्यांमागे पावणेदोनशे किलोच्या आसपास. युरिया कारखान्यात तयार होताना जे जळते ते यात धरलेलेच नाही. हा भार रुई आणि सरकी यांत वाटून घेतला पाहिजे हे खरे, तरीही पारडे कोणत्या बाजूला झुकते ते दिसतेच. आपल्या जिनच्या विजेच्या मोटारींपेक्षा वावरातील गोणी जड आहे. चौदा पानांपैकी बारा पाने आपल्या आवाराबद्दल असतील तर त्याचे कारण एवढेच, की आवारात मीटर असते आणि वावरात नसते.

पाण्याच्या रकान्याबाबतही सावध राहा. एक किलो कापसाला हजारो लिटर पाणी लागते असे जे जागतिक आकडे फिरतात, त्यांत आकाशातून पडलेले पाणीही मोजलेले असते. विदर्भातील बहुतांश कापूस पावसावर येतो. कालव्याच्या वा विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या कापसाच्या पंक्तीत तो बसवणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे; ‘कोरडवाहू’ हा शब्द तक्त्यात नसेल तर शेऱ्यात स्वतःहून लिहा.

मग आपण काय करू शकता? वावर आपले नाही, पण वावराशी बोलणारा पहिला व्यापारी आपणच आहात. हंगामाच्या सुरुवातीला ज्या चार-सहा गावांतून आपल्याकडे कापूस येतो, तेथील शेतकरी उत्पादक कंपनीशी करार करून गावनिहाय वेगळी गंजी लावली, तर ‘कापूस कोठून आला’ या रकान्याचे उत्तर आपोआप मिळते. खेडा खरेदीच्या मिश्र मालातून ते कधीच मिळणार नाही. त्याच गावांत माती परीक्षण करून युरियाची एक गोणी वाचवली, तुरीच्या ओळी नियमित ठेवल्या, फवारणी किडीच्या नुकसानीच्या पातळीवरून ठरवली, तर आपल्या छतावरील सौर पॅनेलपेक्षा अधिक काम होईल. फवारणीचा मुद्दा कर्बवायूपुरता नाही. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसांची सुरक्षितता हा गिरणीच्या तक्त्यातील सातव्या-आठव्या पानावरचा रकाना असेल, मी तो पहिल्या पानावर घेतला असता.

आवारातल्या सुधारणा त्यानंतर. त्यांत मी कचऱ्यापासून सुरुवात करीन. रुईत सापडणारा प्लॅस्टिकचा धागा हा बहुधा शेतकऱ्याच्या खताच्या रिकाम्या गोणीचा असतो. तो एकदा सुतात गेला की रंग घेत नाही आणि कापड नाकारले जाते. नाकारलेल्या कापडाबरोबर त्यामागचे खत, वीज, डिझेल हे सारे फुकट जाते. वेचणाऱ्या बायांना कापडी झोळ्या पुरवणे आणि गाठीला सुती कापडाचे आवरण वापरणे याइतके स्वस्त पर्यावरणकार्य मला दुसरे माहीत नाही. दुसरी गोष्ट, दुहेरी रोलर जिनच्या रोलरवरील क्रोम चामडे घासून त्याची पूड रुईत आणि कामगारांच्या श्वासात जाते. क्रोमविरहित रोलर उपलब्ध आहेत. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे, तेथे जाऊन ते चालताना पाहून यावेत.

सौर विजेबद्दल आपण विचारलेले नाही, पण गिरणी विचारणारच. एक किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे वर्षाला सुमारे १४०० युनिटे देते. जिनिंग मात्र नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतच चालते. उरलेले महिने पॅनेल ग्रीडला वीज देत राहते. एप्रिल ते ऑक्टोबरची जमा युनिटे हंगामात वापरता आली तर गणित बसते, न आल्यास फसते. हा हिशेब दिवसाच्या कोणत्या वेळी वीज वापरली यावरही अवलंबून असल्याने वितरण कंपनीचे चालू नियम वाचल्याशिवाय विक्रेत्याच्या कोष्टकावर सही करू नये.

प्रश्न २

*आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद केळापूर आणि राळेगाव तालुक्यांत आहेत. एक उद्योजक आमच्या सभासदांची सर्व पऱ्हाटी (वेचणीनंतर उरणारी कापसाची झाडे) विकत घेऊन तिचा ‘पांढरा कोळसा’ (दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या) करू इच्छितो. आजवर पऱ्हाटी धुऱ्यावर (बांधावर) जाळली जाते. ती विकणे चांगले की जमिनीत गाडणे? आमच्या संचालक मंडळात यावरून दोन तट पडले आहेत.*
– एक संचालक, जि. यवतमाळ

दोन्ही तटांचे थोडे थोडे खरे आहे, आणि एक तिसरा तट आहे जो आपल्या बैठकीला बसलेला नाही. त्याच्याविषयी शेवटी लिहितो.

धुऱ्यावर जाळणे थांबले पाहिजे यावर वाद नसावा. एका एकरातून साधारण आठ ते दहा क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. ती पेटवली की तिच्यातील कर्ब धुरात जातो, धुऱ्यावरचा पालापाचोळा आणि झाडोरा होरपळतो, आणि राखेपलीकडे हाती काही येत नाही. शेतकरी जाळतो ते आळसाने नव्हे. पुढच्या पेरणीसाठी वावर मोकळे हवे असते, उपटायला मजूर मिळत नाहीत, आणि गुलाबी बोंडअळीची भीती असते. ही भीती रास्त आहे: वावरात उभी राहिलेली फरदड (हंगाम संपल्यावरही न काढता ठेवलेला कापूस) आणि बांधावर रचलेले पऱ्हाटीचे ढीग, त्यांना लटकलेल्या किडक्या बोंडांसह, अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देतात. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत पीक संपवून अवशेषांची विल्हेवाट लावावी, असे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वारंवार सांगतात. पऱ्हाटी विकत घेणारा कोणी असेल तर त्याने ती मार्च-एप्रिलपर्यंत गावात रचून ठेवू नये, ही अट करारात पहिली घाला.

विकण्याच्या बाजूने बोलायचे, तर बाजार खरा आहे. बॉयलर चालवणाऱ्या कारखान्यांना दगडी कोळशाऐवजी हे इंधन चालते, आणि औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात शेती अवशेषांच्या पेलेट ठरावीक प्रमाणात मिसळाव्यात असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचे धोरण २०२१पासून आहे. वणी आणि चंद्रपूरच्या कोळसा खाणी ज्या भागात आहेत, त्याच भागात पऱ्हाटीने कोळशाची जागा घ्यावी, यात एक गंमत आहे. मात्र वाहतूक हा या धंद्याचा कच्चा दुवा आहे. उभी पऱ्हाटी फुगीर असते; ट्रॉली शिगोशीग भरलेली दिसते, पण काट्यावर वजन भरत नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरवरून सुटी पऱ्हाटी ओढली, तर जे डिझेल वाचवायचे तेच जाळले जाते. श्रेडर गावात यावा, पऱ्हाटीचा भुगा गावात व्हावा आणि भुगाच ट्रकमध्ये भरला जावा. शक्य असेल तर श्रेडर उत्पादक कंपनीच्याच मालकीचा असावा, म्हणजे यंत्राचे भाडे सभासदांच्या खात्यात राहील आणि उद्योजक बदलला तरी यंत्र गावात राहील. मुळांना चिकटलेली माती झटकूनच माल द्यावा. मातीने राख वाढते आणि राखेवरून भाव कापला जातो. वजन, ओलावा आणि राख तपासताना आपला माणूस काट्यापाशी हजर राहील, हेही लिहून घ्यावे.

गाडण्याच्या बाजूने बोलायचे तर विदर्भाच्या काळ्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटत चालला आहे, हे माती परीक्षणाच्या कोणत्याही पत्रिकेवर दिसेल. तरीही ताजी पऱ्हाटी नांगरून दिली की लगेच खत झाले, असे होत नाही. तिच्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी असल्याने ती कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेते आणि पुढचे पीक पिवळे पडते. बारीक करून, शेण, सोयाबीनचे कुटार आणि कुजवणारी बुरशी यांच्याबरोबर ढिगात कुजवून मगच ती वावरात द्यावी लागते. ढीग ओला ठेवायला पाणी लागते, आणि फेब्रुवारीनंतर आपल्या तालुक्यांत पाणी कोठे आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

माझे मत विचाराल तर सर्व पऱ्हाटी विकू नये आणि सर्व गाडूही नये. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे आणि घरी जनावरे आहेत त्यांनी आपली कुजवावी, उरलेल्यांनी विकावी, आणि प्रत्येक सभासदाने एकाच वावरातून लागोपाठ तीन वर्षे सर्व काडी बाहेर काढू नये असा ठराव करावा. विक्रीच्या पैशातून ठरावीक वाटा शेणखत वा हिरवळीच्या खताच्या बियाण्यासाठी राखून ठेवला, तर जे बाहेर गेले त्यातले काही वेगळ्या वाटेने परत येईल.

आता तो तिसरा तट. विदर्भातल्या खेड्यात भूमिहीन मजुराच्या चुलीचे सरपण म्हणजे पऱ्हाटीच असते. वावर मोकळे करून द्यायचे आणि त्याच्या बदल्यात पऱ्हाटी न्यायची, हा अलिखित करार कित्येक पिढ्यांचा आहे. सिलिंडर घरात असले तरी ते पुन्हा भरायला पैसे लागतात, आणि पाण्याचे मोठे गंज अजूनही चुलीवरच तापते. उद्योजकाने एकदा भाव बांधला की ही पऱ्हाटी फुकट मिळणार नाही, आणि या मजुरांच्या घरच्या बाया सरपणासाठी टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या रानात शिरतील. म्हणजे कंपनीच्या अहवालात कोळसा वाचलेला दिसेल आणि जंगल तुटलेले कोणाच्याच अहवालात दिसणार नाही. म्हणून करार करण्यापूर्वी गावात किती घरे पऱ्हाटीवर स्वयंपाक करतात ते मोजा आणि तेवढी पऱ्हाटी विक्रीतून वगळा. उद्योजकाला हे पटत नसेल, तर त्याचा हिरवेपणा कितपत खोल आहे ते तेथेच कळेल.

प्रश्न ३

*आम्ही वरूड-मोर्शी भागातून संत्रा दिल्लीला पाठवतो. तेथील खरेदीदार म्हणतो की प्लॅस्टिकचे क्रेट बंद करा, पुठ्ठ्याच्या पेट्या वापरा, कारण प्लॅस्टिक पर्यावरणाला घातक आहे. पुठ्ठ्याचा खर्च आम्हालाच. हे बरोबर आहे का?*
– एक संत्रा व्यापारी, जि. अमरावती

फेकून द्यायचे प्लॅस्टिक आणि पन्नास खेपा करणारा क्रेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्रेट भरून गेला आणि परत आला, तर एका खेपेच्या वाट्याला त्याचे थोडेसे प्लॅस्टिक येते. पुठ्ठ्याची पेटी एका खेपेत संपते, आणि तिच्यासाठी कागद, पाणी, शाई व गोंद दर वेळी नव्याने लागतो. अर्थात क्रेट परत आला तरच हा हिशेब बरोबर. आपले क्रेट दिल्लीच्या आवारात राहून जात असतील आणि दर हंगामाला आपण नवे घेत असाल, तर खरेदीदाराचे म्हणणे निम्मे खरे ठरते. त्याला असे सुचवून पाहा की क्रेटवर अनामत ठेवू, परत आलेल्या क्रेटची अनामत परत देऊ. बहुतेक व्यापारी ही सूचना ऐकल्यावर पर्यावरणाचा विषय बदलतात.

परतीच्या गाडीचाही विचार व्हावा. वरूडहून दिल्ली हजार किलोमीटरच्या घरात आहे. लिटरला चार किलोमीटर धरले तर एका बाजूला अडीचशे लिटर डिझेल, म्हणजे सुमारे ६७० किलो कर्बवायू. सोळा टन मालावर वाटले तर टनामागे बेचाळीस किलोच्या आसपास. गाडी रिकामी परत आली तर हा भार जवळपास दुप्पट होतो, आणि परतीचे भाडे मिळाले तर क्रेटही फुकट परत येतात. याच गाडीत, तणस अंथरून सुटा भरलेला संत्रा दबून दहा टक्के सडला, तर सोळा क्विंटल फळे वाढवण्याचा सगळा खटाटोप उकिरड्यावर गेला. पेटी कशाची असावी हा वाद त्यापुढे किरकोळ आहे. सकाळच्या थंड वेळेत, देठ राखून कात्रीने तोडणी, सावलीत प्रतवारी आणि क्रेटमध्ये ठरावीक थरांपर्यंतच भरणी, या तीन गोष्टींनी फळही वाचते आणि डिझेलही.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वरूड-मोर्शीच्या संत्र्यामागचा खरा भार पेटीत नसून बोअरमध्ये आहे. भूजलाच्या अतिउपशासाठी हे दोन तालुके वर्षानुवर्षे यादीत आहेत. उन्हाळ्यात बागा तोडून पेटवल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. दिल्लीचा खरेदीदार हा प्रश्न विचारणार नाही, कारण त्याच्या फळीवरच्या फळाला बोअरची खोली दिसत नाही. पण दहा वर्षांनी माल कोठून आणायचा हा प्रश्न त्याचाही आहे आणि आपला तर आहेच. ज्या बागायतदारांकडून आपण माल घेता, त्यांच्यापैकी ठिबक असणाऱ्यांना, आणि वाफ्याने पाणी देत असल्यास खोडाला पाणी न लागू देणाऱ्या दुहेरी आळ्यांच्या पद्धतीने देणाऱ्यांना किलोमागे थोडा अधिक भाव देऊन पाहावा. दुहेरी आळ्यांनी डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) हाही कमी होतो, त्यामुळे हा सल्ला बागायतदाराला परका वाटणार नाही. पुठ्ठ्यावर जो पैसा जाणार होता तो येथे वळवता येईल, आणि खरेदीदाराला हेच पटवून द्यावे.

प्रश्न ४

*अकोल्यात आमची डाळ मिल आहे. पॅकिंगवर ‘पर्यावरणस्नेही तूरडाळ’ असे हिरव्या अक्षरांत छापायचा मुलाचा आग्रह आहे. छापावे काय?*
– एक डाळ मिल मालक

छापू नये. असे मोघम दावे रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या असून, ‘हिरवे’, ‘पर्यावरणस्नेही’, ‘स्वच्छ’ अशा शब्दांना पुराव्याचा आणि स्पष्टीकरणाचा आधार लागतो. ‘जैविक’ हा शब्द तर त्याहून कडक आहे. त्याला राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रमाचे किंवा सहभाग हमी पद्धतीचे प्रमाणपत्र लागते.

जे खरे आहे ते मात्र अवश्य लिहा. आपली तूर कोणत्या तालुक्यांतली आहे, ती छतावर व अंगणात उन्हात वाळवली जाते की डिझेलच्या ड्रायरमध्ये, चुनी आणि टरफल पशुखाद्याला जाते, हे तीन साध्या ओळींत मावते. उन्हात वाळवणे ही पद्धत अकोल्यात जुनी असल्याने तिचे कौतुक कोणी करत नाही. ड्रायर घेतल्यावरच तिची किंमत बिलावर कळते. चिरंजीवांचा उत्साह खेड्यात लहान यंत्रावर तूर भरडण्याकडे वळवता आला तर अधिक चांगले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ अनेक बचत गट चालवतात. अशा यंत्राने गावातच डाळ झाली, की टरफल आणि चुनी गावच्या जनावरांना मिळते आणि ट्रकमध्ये केवळ डाळ भरली जाते.

प्रश्न ५

*आम्ही बारा जणी मिळून कापडी पिशव्या शिवतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्यापासून एका कंपनीची मोठी मागणी आहे. आता ती म्हणते, पर्यावरणाचे प्रमाणपत्र आणा, खर्च तुमचा. तिच्याकडून मागच्या बिलाचे पैसे यायला चार महिने लागले. काय करावे? आणि शिवताना जी कतरण उरते तिचे काय करावे?*
– एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष, जि. वर्धा

ताई, आपल्या पत्रातले दोन प्रश्न मला एकच वाटतात. जी कंपनी चार महिने आपले पैसे वापरते, तीच आपल्याला सांगते की आमच्या अहवालाचा खर्चही तुम्हीच करा. पुरवठा साखळी हिरवी करण्याचा भार साखळीतल्या सर्वांत बारीक कडीवर टाकला, तर ती कडी तुटते आणि कंपनी पुन्हा स्वस्त माल शोधायला निघते, बहुधा प्लॅस्टिकचाच.

प्रमाणपत्राचा खर्च टाळता येतो. गटाची ‘उद्यम’ नोंदणी नसेल तर करून घ्या. ती विनामूल्य आहे, आणि कोणी पैसे मागितले तर देऊ नका. त्यानंतर केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ‘झेड’ योजना आहे, म्हणजे मालात दोष शून्य आणि पर्यावरणावर परिणाम शून्य. तिच्यात कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्या आहेत. प्रमाणनाच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के सवलत असून महिलांच्या मालकीच्या उद्योगांना ते पूर्ण माफ आहे. आपला गट या माफीत बसतो का, हे जिल्हा उद्योग केंद्रात अर्जापूर्वी लेखी विचारून घ्या. कांस्य पायरी आपल्यासारख्या शिवणकामाला पुरेशी आहे. कंपनीने याहून महाग, परदेशी प्रमाणपत्र मागितले तर शुल्क तिने भरावे किंवा पिशवीच्या भावात धरावे, असे नम्रपणे पण लेखी कळवा.

पैशाबाबत कायदा आपल्या बाजूचा आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय आयकर कायद्यातील बदलामुळे अशी मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. हा मुद्दा कंपनीच्या लेखापालाला आपल्यापेक्षा लवकर समजेल. लगेच तक्रार करा असे मी म्हणत नाही, एवढे मोठे गिऱ्हाईक हातचे जाण्याची भीती मला कळते. पुढच्या बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवसांत देय’ एवढे दोन शब्द छापून सुरुवात करा. त्याने काम झाले नाही, तर सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो आणि तो थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जातो.

कतरणीबद्दल. मोठे तुकडे नाडी, खिसा, भांडी धरायची फडकी यांत संपतात हे आपण करतच असाल. बारीक सुती कतरण हातकागदाला कच्चा माल म्हणून चालते आणि किलोवर विकली जाते. मात्र तिच्यात पॉलिएस्टरचा दोरा मिसळला की ती परत येते, आणि आजकाल शिलाईयंत्रावर बहुतेक रीळ पॉलिएस्टरचेच असते. म्हणून शिवण्याआधी कापताना पडणारी कतरण आणि शिवल्यानंतर छाटलेली कतरण यांच्यासाठी दोन वेगळी पोती टांगा, आणि पहिलेच पोते विका. दुसऱ्याची उशी भरा.